पोहरादेवीतला समुद्र

तुमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये समुद्र आहे का? जरा आठवून बघा. सोफ्याच्या बरोब्बर वर, मोठ्ठ्या फ्रेममध्ये. निळंशार पाणी, दोन वाकलेले माड, वाळूवर ओढून ठेवलेली एक होडी. आणि माणूस? एकही नाही. होडी कुणी ओढली, हे विचारायचं नसतं.

असे समुद्र माझी एक मैत्रीण रंगवते. दिवसा एका जाहिरात कंपनीत इलस्ट्रेटर, रात्री कॅनव्हास. इंटिरिअर डिझायनर मंडळी तिला सोफ्याचं माप पाठवतात, पडद्यांचा रंग पाठवतात, मग त्या मापाचा आणि त्या रंगाला शोभेल असा कोकण किनारा तयार होतो. पुण्यातल्या तिच्या फ्लॅटचं भाडं या किनाऱ्यांवर निघतं. गंमत अशी, की ही मुलगी वाशिम जिल्ह्यातली. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर वाढलेली. बारावी होईपर्यंत तिनं समुद्र फक्त सिनेमात पाहिला होता.

‘मग तुझ्या गावचं का नाही रंगवत?’ असं मी तिला एकदा कॉफी पिता पिता विचारलं होतं. ती म्हणाली, ‘काय रंगवू? आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही.’

हे वाक्य तिनं मागं घेतलं ते स्कॉटलंडमध्ये. म्हणूनच आम्ही दोघी दिवाळीनंतरच्या आठवड्यात रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान मोडून घेत दिग्रसला उतरलो आणि तिथून एसटीनं पोहरादेवीला पोचलो.

एका रविवारचा पाऊस

झालं असं, की ऑफिसनं तिला तीन आठवडे एडिनबरोला पाठवलं. रविवारी धो धो पाऊस. फिरायला जाणार कुठं? फुकट प्रवेश आणि आत हीटर, म्हणून ती आर्ट गॅलरीत शिरली. तासाभरात मला व्हॉट्सअॅपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘अगं, इथं कुणीतरी आमचं रान रंगवलंय!’

चित्र जोन इअर्डलीचं होतं. सप्टेंबरमधलं वाळकं, बिया धरलेलं गवत आणि पांढरी फुलं. 1960 सालचं काम. जवळून पाहिलं तर त्यात खरंखुरं गवत चिकटवलेलं. रंगातच काड्या, रंगातच बिया. मैत्रिणीच्या भाषेत सांगायचं तर, ‘बाईनं बांधावर बसून जे हाताला लागलं ते लावून टाकलं.’

इअर्डलीची गोष्ट मग आम्ही दोघींनीही शोधून शोधून वाचली. जन्म 1921चा, इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात. शिकली ग्लासगोत. ग्लासगोच्या टाउनहेड या गरीब वस्तीतली फाटक्या कपड्यांतली पोरं तिनं रंगवली, आणि 1950च्या सुमारास स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कॅटरलाइन या गावात पोचली. गाव म्हणजे काय, कड्यावर एका ओळीत बसकी घरं, खाली गोट्यांचा किनारा, मासेमारीची जाळी. तिथंच तिनं घर घेतलं. ना वीज, ना नळ. वादळ आलं की शहाणी माणसं दार लावून घेतात, ही बाई ईझल घेऊन बाहेर पडायची. वाऱ्यानं उडू नये म्हणून ते बांधून, दगडांनी दाबून ठेवायची. तेच घर, तोच किनारा, तेच शेत, वर्षानुवर्षं तेच. 1963 साली, वयाच्या 42व्या वर्षी कॅन्सरनं गेली. तिची राख कॅटरलाइनच्याच किनाऱ्यावर सोडली.

कॅटरलाइनला ‘बघण्यासारखं’ काय होतं? काहीच नाही. ना किल्ला, ना धबधबा. आज लोक तिथं जातात ते इअर्डलीनं पाहिलं म्हणून.

काशी, पण गर्दीविना

पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं, जगदंबा देवीचं मंदिर इथं, शेजारच्या उमरीलाही समाज तेवढ्याच भक्तीनं जातो. रामनवमीला या म्हणजे पाय ठेवायला जागा मिळणार नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र, सगळीकडून तांडेच्या तांडे येतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र मंदिरात मोजून पंधरावीस माणसं होती. पुजाऱ्यानं निवांत विचारपूस केली, प्रसाद जरा जास्तच दिला.

नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत म्युझियम लांबूनच दिसतं. 5 ऑक्टोबर 2024ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चार मजले, 13 दालनं. बंजाऱ्यांचा इतिहास, थोर माणसांची चित्रं, चळवळी. आवर्जून बघा, आणि घाईत बघू नका. (आम्ही घाईत पाहिलं, कारण मैत्रिणीच्या घरून चार फोन आले होते, जेवायला कधी येताय म्हणून.)

या म्युझियममुळे एक गोष्ट मला नव्यानं कळली. ज्यांना आपण ‘लमाण’ म्हणतो, त्या शब्दाचा संबंध ‘लवण’शी, म्हणजे मिठाशी जोडतात. किनाऱ्यावरचं मीठ, मैदानातलं धान्य, हे सगळं बैलांच्या पाठीवर लादून हे लोक देशभर फिरत. त्या बैलांच्या तांड्याच्या व्यापाराला त्यांच्या गोरबोलीत ‘लदेणी’ म्हणतात. पुढं रेल्वे आली. 1867मध्ये मुंबईची गाडी नागपूरपर्यंत पोचली. बैलाच्या पाठीवरचं मीठ मग कोण घेणार? धंदा बसला. 1871ला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि फिरणाऱ्या अनेक जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगार हा शिक्का बसला. तो पुसायला 1952 उजाडलं. याच पट्ट्यातल्या, पुसदजवळच्या गहुली तांड्याचे वसंतराव नाईक 1963मध्ये मुख्यमंत्री झाले आणि 1975पर्यंत राहिले, हेही त्याच इतिहासाचं पुढचं पान.

म्हणजे समुद्राचा आणि पोहरादेवीचा संबंध जुना आहे. फक्त तो निळा नव्हता, खारट होता.

याडी, कवड्या आणि मुंबई

मैत्रिणीचा तांडा पोहरादेवीहून फार लांब नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन काढून मोकळी झालेली. तूर पिवळ्या फुलांवर आलेली. कापूस फुटलेला, बायका ओटीत वेचत होत्या. मागं सागाची उतरती टेकाडं, एकामागं एक, शेवटची तर धुरकट जांभळी. मी फोटो काढत सुटले. मैत्रीण म्हणाली, ‘बघ, तू पण निसर्ग काढतेयस. बायका फ्रेमच्या बाहेर ठेवल्यास.’ मी गुपचूप फोटो तपासले. खरंच होतं.

तिची आई, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘याडी’, दारातच उभी होती. ‘कायले वं इतक्या उन्हात आल्या? बसा, चाय मांडतो.’ काकू रोज साधं लुगडंच नेसतात. पण मी विचारल्यावर त्यांनी ट्रंक उघडली आणि सासूचा फेटिया काढला. फेटिया म्हणजे घेरदार घागरा. वर कांचळी, डोक्यावरून टुकरी. लाल, निळं, पिवळं, हिरवं, सगळं एकमेकांशेजारी, आणि तरी डोळ्याला कुठं खटकत नाही. आरसे, टाके, आणि काठाला ओळीनं शिवलेल्या कवड्या.

कवड्या! मी हात लावून बघितलं. खऱ्या. समुद्रातल्या. शेकडो किलोमीटरवर कुठंही समुद्र नाही आणि इथं एका ट्रंकेत, नेप्थलीनच्या वासात, समुद्र घडी घालून ठेवलेला.

‘काकू, तुम्ही समुद्र पाहिलाय?’

‘नाही बा. मुंबईले गेलतो ना, ही लहान होती तवा. बांधकामावर. दोन वर्सं होतो.’

‘आणि समुद्र नाही पाहिला?’

‘कोण दाखवते?’

असं म्हणून त्या चहा गाळायला उठल्या. मैत्रीण फेटियाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिली. मुंबईत दोन वर्षं उंच इमारती बांधल्या; त्यातल्या एखादीच्या विसाव्या मजल्यावरून आज कुणीतरी ‘सी-व्ह्यू’ बघत असेल. आणि त्या ‘सी-व्ह्यू’च्या समोरच्या भिंतीवर लावायला याच बाईची मुलगी समुद्र रंगवत असेल. हे मी तेव्हा बोलले नाही. इथं लिहितेय.

रिकाम्या दऱ्या

दुपारी आम्ही तांड्यात फिरलो. पहिल्यांदा मला वाटलं, काय शांत आहे! शहरातल्या माणसाला शांतता दिसली की लगेच बरं वाटतं. मग लक्षात आलं, की एका ओळीत चार घरांना कुलपं आहेत. पाचव्या घरात एक म्हातारे आजोबा आणि शाळेच्या गणवेशातला नातू. दिवाळी झाली, माणसं ऊसतोडीला गेली. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. पाचसहा महिन्यांनी परततील. बैलगाडीत, ट्रकमध्ये संसार भरायचा: तवा, गोधड्या, कोंबड्या, लहान पोरं. शाळेतली मोठी पोरं मागं राहिली तर आजीआजोबांकडे.

तेव्हा मला कळलं, मैत्रिणीनं एडिनबरोहून दुसऱ्या दिवशी मला आणखी दोन चित्रांचे फोटो का पाठवले होते.

एक होतं होरेशिओ मॅककलकचं ‘ग्लेनको’, 1864चं. ते ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात असतं. काय चित्र आहे! ढगांत बुडालेले अजस्र डोंगर, खाली खडक, हरणं. माणूस नाही. स्कॉटलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं जे येतं, कॅलेंडरवरचं, बिस्किटाच्या डब्यावरचं, ते सगळं अशा चित्रांतून आलं. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या आणि व्हिक्टोरिया राणीच्या सहली यांनी या डोंगरांना फॅशन मिळवून दिली. पर्यटक आले, चित्रांना गिऱ्हाईक आलं.

पण स्कॉटलंडच्या त्या उत्तरेकडच्या डोंगरदऱ्या त्या काळात इतक्या रिकाम्या का दिसत होत्या? कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभर वर्षं जमीनदारांनी कुळांना तिथून हुसकावलं. मेंढ्या पाळणं जास्त फायद्याचं होतं. घरं पाडली, काही ठिकाणी जाळलीसुद्धा. माणसं किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर गेली, ग्लासगोच्या कारखान्यांत गेली, जहाजात बसून कॅनडाला गेली. ‘निसर्गरम्य एकांत’ त्यानंतरचा.

आणि दुसरं चित्र विल्यम मॅकटॅगर्टचं, ‘द सेलिंग ऑफ द एमिग्रंट शिप’, 1895. मॅकटॅगर्ट (1835-1910) हा स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या किंटायर द्वीपकल्पातला, गरीब शेतकऱ्याचा पोरगा. घरची भाषा गेलिक. एडिनबरोत शिकला, नाव कमावलं, पण उन्हाळा आला की आपल्या किनाऱ्यावर, माकरिहानिशला, उघड्यावर उभा राहून समुद्र रंगवायचा. हे चित्र पहिल्या नजरेत नुसता समुद्रच वाटतं. मग हळूहळू किनाऱ्यावरच्या खडकांत माणसं दिसायला लागतात. खडकाच्याच रंगाची, अर्धी पुसलेली. लांब क्षितिजाकडं एक जहाज. सोडून जाणारे जहाजात, मागं राहिलेले दगडांत.

मॅककलकही स्कॉटिशच होता, ग्लासगोचा. त्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. हात त्याचा मोठाच. पण मॅकटॅगर्टच्या लहानपणी किनाऱ्यावरची माणसं खरोखर जहाजात बसत होती. त्याला समुद्र रिकामा दिसणं शक्यच नव्हतं.

जाता जाता एक गंमत. हे दोन प्रदेश एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत. 29 नोव्हेंबर 1803ला आताच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला वेलस्लीची आणि नागपूरकर भोसल्यांची लढाई झाली. वेलस्लीच्या फौजेत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून भरती केलेली 78वी हायलँडर्स पलटण होती, आणि त्याच्या मोहिमांत फौजेसाठी बैलांवरून धान्य वाहून आणणारे होते बंजारे. म्हणजे जिथली माणसं हुसकावली जात होती तिथले शिपाई, आणि रेल्वेनं ज्यांचा धंदा पुढं बुडवला ते व्यापारी, एकाच तळावर. एकमेकांना काय म्हणाले असतील, कुणास ठाऊक.

आणखी एक. मुंबईच्या किनाऱ्याची सुरुवातीची मोठी निसर्गचित्रं एका स्कॉटिश माणसाचीच आहेत. जेम्स वेल्स, पीटरहेडचा. म्हणजे कॅटरलाइन ज्या ईशान्य किनाऱ्यावर आहे त्याच किनाऱ्याचा. 1791ला मुंबईत आला, मुंबई बेटाची 12 दृश्यं केली, पुण्यात पेशव्यांच्या दरबारी गेला, सवाई माधवरावांचं चित्र काढलं. पुण्यातला गंगाराम तांबट त्याच्याबरोबर काम करत होता. लेणी आणि डोंगर कागदावर उतरवत होता. कोल्हापूरला आबालाल रहिमान तर जे.जे.त शिकून परत गावी आले आणि रंकाळा, कोटितीर्थ रंगवत राहिले. कोकण आणि सह्याद्री तर किती जणांनी रंगवले. वऱ्हाडाच्या वाट्याला मात्र त्या मानानं फारच थोडे ब्रश आले. इथं पाणी नाही, कडा नाही, धुकं नाही. सोफ्यावर लावायला काही नाही.

कुलूप

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मैत्रीण बादली उलटी घालून त्या कुलूपबंद घरांसमोर बसली. वॉटरकलरची छोटी पेटी, पेप्सीच्या बाटलीत पाणी. मी शेजारी दगडावर. थंडी मस्त होती. शेळ्या येऊन कागद हुंगून गेल्या. तासाभरात पोरांचा गराडा पडला, आणि पुण्यात हेडफोन लावल्याशिवाय ब्रश न धरणारी ही बाई पोरांच्या प्रश्नांना गोरबोलीत उत्तरं देत रंगवत होती.

तिनं आधी मागची टेकडी काढली, छान काढली. जांभळ्यावर थोडा करडा. मग तुरीचं पिवळं. हात सरावाचा आहे तिचा, भराभर जमत होतं. मग थांबली. म्हणाली, ‘हे विकलं जाईल.’ आणि कागद फाडून पिशवीत कोंबला.

दुसऱ्या कागदावर तिनं फक्त घर घेतलं. पत्रे, त्यावर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड, दाराशी उलटं पडलेलं टोपलं, कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा. माती उकरून तिनं रंगात कालवली. जमली नाही. काळी माती कागदावर चिखलासारखीच दिसली आणि वाळल्यावर झडली. ‘त्या बाईचं कसं राहिलं गं इतकी वर्षं?’ ती चिडून म्हणाली. मी म्हटलं, तिचा ऑइल होता, तुझा वॉटरकलर. त्यावर तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी चहा बघायला उठले.

परत आले तेव्हा आजोबा मागं उभे होते, काठीवर हनुवटी टेकवून. बराच वेळ त्यांनी चित्र पाहिलं. मग म्हणाले, ‘कुलूप नाही काढलं तुनं.’

खरंच राहिलं होतं. दार काढलं, कडी काढली, कुलूप नाही.

‘काढा बापा कुलूप. नाहीतर वाटंन घरी हायेत.’

तिनं सगळ्यात बारीक ब्रश घेतला. नखाएवढं कुलूप, दोन ठिपक्यांत. आजोबांनी पुन्हा वाकून पाहिलं, ‘हाव’ म्हणाले आणि नातवाला शाळेत सोडायला निघून गेले. ते कुलूप लावलेलं घर त्यांच्या मुलाचं होतं, हे आम्हाला काकूंनी जेवताना सांगितलं.

ते चित्र मैत्रिणीनं पुण्याला आणलं नाही. काकूंच्या ट्रंकेत, फेटियाच्या घडीत ठेवून आली. रामनवमीला पुन्हा जाणार आहे. तोपर्यंत ऊसतोडीची माणसं परतलेली असतील का, हे कारखान्याच्या गाळपावर.

(तुम्हाला जायचं असेल तर मुंबईहून रेल्वेनं अकोला गाठा, पुढं मंगरूळपीर, मानोरा असा रस्ता. गाडी असेल तर समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातूनच जातो. यात्रेची धामधूम बघायची तर रामनवमी. नुसतं रान बघायचं तर दिवाळीनंतर. मंदिर, म्युझियम झालं की लगेच परत फिरू नका.)

परतीच्या बसमध्ये तिच्या मोबाइलवर मेसेज येऊन पडला होता. बाणेरच्या एका ऑफिसला तीन समुद्र हवे होते, बुधवारपर्यंत, निळा जरा कमी आणि राखाडी जास्त. तिनं ‘ओके’ टाईप केलं, झोपली. गुरुवारी मी फोन केला तेव्हा दोन झाले होते. तिसऱ्यात होडीजवळ एक माणूस आला होता, आणि तो ठेवायचा की नाही यावर तिचं क्लायंटशी भांडण चालू होतं.